डोंबिवली आलं, हे तिला ऐकू येऊ द्या

मध्य रेल्वेच्या लोकलने रोज ये-जा करणाऱ्या आणि प्रवासात मोबाइलवर व्हिडिओ बघणाऱ्या माझ्या सर्व सहप्रवाशांना,

सप्रेम नमस्कार.

मी पालिकेच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. राहायला टिटवाळ्याला, नोकरी परळ भागात. एकोणीस वर्षं हाच रस्ता. त्यामुळे तुमच्यापैकी कित्येकींना मी चेहऱ्याने ओळखते. नावं माहीत नसतील, पण कोण शहाडला चढते, कोण मुलुंडला उतरते, कोणाच्या मुलीचं यंदा दहावीचं वर्ष आहे, हे सगळं माहीत आहे. म्हणून हे पत्र परक्या माणसाला लिहिल्यासारखं मला लिहिता येणार नाही.

मागणं एवढंच आहे: गाडीत व्हिडिओ जरूर बघा, पण त्याचा आवाज आपल्या कानापुरता ठेवा. हे तुम्ही याआधी कुठेतरी ऐकलं असेल, वाचलं असेल. मीही अनेकदा मनात म्हणून गप्प बसले होते. पण गेल्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून गप्प बसवत नाही.

आमच्या रुग्णालयाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर माझी एक मैत्रीण ऑपरेटर आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. राहते डोंबिवलीला. सकाळी शेजारीण सोबत असते, संध्याकाळी ती एकटीच परतते. दिव्यांगांसाठी गाडीत वेगळा डबा असतो, तो जिथे थांबतो तिथे फलाटावर बीप वाजत असते, हे तिला ठाऊक आहे. पण संध्याकाळी त्या डब्यात धडधाकट माणसंच इतकी घुसलेली असतात की ती लेडीज डबा पसंत करते. "बायका असल्या की हात धरायला मागेपुढे बघावं लागत नाही," असं तिचं म्हणणं.

ती स्टेशनं कशी ओळखते, हे मी तिच्याबरोबर प्रवास केला तेव्हा पाहिलं. ठाणं सुटलं की खाडीचा पूल लागतो आणि चाकांचा आवाज एकदम पोकळ होतो. तिथून तिची मोजणी सुरू. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली. मुंब्र्याला डोंगर अगदी जवळ, तिथे गाडीचा आवाज आपटून परत आल्यासारखा वाटतो, असं ती सांगते. मला इतक्या वर्षांत ते कधी जाणवलं नव्हतं. दिव्याला चढणाऱ्यांचा गलका वेगळा. पण खरा भरवसा दोन गोष्टींवर. एक, डब्यातली 'पुढील स्टेशन' ही घोषणा. दुसरी, बायकांचं आपसातलं बोलणं. "डोंबिवली का? मग पुढे सरका." "कुठे उतरणार? ठाकुर्ली? मग मला जाऊ दे आधी." एरवी आपल्याला कटकट वाटणारं हे बोलणं म्हणजे तिचा नकाशा आहे.

त्या दिवशी पाऊस होता. गाडी सिग्नलला दोनदा थांबली. असं झालं की तिची मोजणी बिघडते, कारण थांबली ती स्टेशनात की मधेच, हे नुसत्या थांबण्यावरून कळत नाही. अशा वेळी घोषणा ऐकावीच लागते. तिच्या एका बाजूला कोणीतरी रील बघत होतं, दुसऱ्या बाजूला मालिका चालली होती. दोन्ही फोन पूर्ण आवाजात. त्यात पंखे, पाऊस, गर्दी. घोषणा झाली असेल, तिच्यापर्यंत पोचली नाही. गाडी थांबली, बायका उतरायला लागल्या, तीही उतरली.

फलाटावर पाय टेकताक्षणी तिला कळलं. डोंबिवलीला संध्याकाळी उतरलं की चार पावलांत जिन्याकडची रेटारेटी पाठीला लागते. इथे समोरून मोकळा वारा आला. ते कोपर होतं. ती वळेपर्यंत गाडी सुटली.

पुढच्या तीन गाड्यांत तिला चढता आलं नाही. लेडीज डबा नेमका कुठे येतो ते त्या फलाटावर तिला माहीत नव्हतं आणि पावसात गाड्या तुडुंब भरून येत होत्या. चौथ्या गाडीच्या वेळी एका कॉलेजच्या मुलीने हात धरून आत घेतलं. एका स्टेशनाचं अंतर, पण घरी पोचायला तासभर उशीर. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये हे सांगताना ती चिडलेली नव्हती. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून एवढंच म्हणाली, "गाडीत माझ्याकडे ऐकणं तेवढंच आहे गं. तेच गेलं तर मी काय करू?"

त्या दिवशी ज्यांचे फोन वाजत होते त्यांनी जाणूनबुजून काही केलं नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या बाईला दिसत नाही, हेही त्या गर्दीत त्यांच्या लक्षात आलं नसेल. मला नेमकं हेच तुमच्यापुढे ठेवायचं आहे. डब्यातला आवाज म्हणजे रिकामी पडलेली जागा नाही. तिथे आधीच कोणीतरी असतं.

आता माझं सांगते. रात्रपाळी सुटली की सकाळी दादरहून मी उलट्या दिशेची गाडी पकडते. लोंढा मुंबईकडे येत असतो, त्यामुळे बसायला जागा मिळते. खिडकी मिळाली तर देवच पावला. टिटवाळ्यापर्यंतचा सव्वा-दीड तास हीच माझी पहिली झोप. घरी गेल्यावर सासूबाईंचं औषधपाणी, स्वयंपाक, मुलाचं सगळं. आडवं व्हायला दुपार होते. गाडीतल्या या झोपेवर माझा दिवस उभा असतो. तुमच्यातही अशा कितीतरी जणी आहेत. वॉर्डातल्या आया, कॉल सेंटरच्या मुली, पहाटे फुलबाजारात जाऊन आलेल्या मावश्या, सफाई खात्यातल्या भगिनी. खिडकीला डोकं टेकून, पदर तोंडावर घेऊन झोपलेल्या दिसतात ना, त्या आळशी म्हणून झोपलेल्या नसतात.

मी आयसीयूत असते. तिथे रात्रभर मॉनिटर वाजत असतात आणि आमच्या कानांना सवय लागते की आवाज बदलला की पाय आपोआप त्या बेडकडे वळले पाहिजेत. ही सवय कामावरून सुटताना कपाटात ठेवून येता येत नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळची गाडी, भांडुप मागे पडलं होतं, मी गाढ झोपेत. आणि एकदम तो आवाज. लांबलेला, सपाट, न थांबणारा. मी ताडकन उठून उभी राहिले. डोळे उघडायच्या आत हात पुढे गेला होता, बेडची दांडी शोधत. हाताला लागला समोरच्या बाईंचा खांदा. त्यांच्या फोनवर मालिका चालू होती आणि मालिकेत कोणीतरी दवाखान्यात दगावत होतं. त्या बाई घाबरल्या, मी ओशाळले. मुलुंड आलं, नाहूरपासून एवढं अंतर किती असतं, पण तेवढ्यात माझी छाती धडधडायची थांबली नव्हती. मग टिटवाळ्यापर्यंत झोप आली नाही. त्याच रात्री पुन्हा ड्युटी होती आणि माझ्याकडे दोन व्हेंटिलेटरवरचे पेशंट होते.

व्हिडिओ बघण्याला माझा विरोध आहे असा अर्थ कृपा करून काढू नका. उलट मला वाटतं की लोकलमधला तो तास फार मोलाचा आहे आणि त्यात काय बघायचं हे ज्याने त्याने ठरवावं. किती बायकांच्या हातात घरी टीव्हीचा रिमोट येतो? संध्याकाळी सात ते दहा मालिका लागतात तेव्हा ती ओट्याशी उभी असते. फोडणी, पोळ्या, मुलांचे डबे घासणं. तिची मालिका ती दुसऱ्या दिवशी विक्रोळी ते कल्याणच्या मधे बघते. ते तिचं हक्काचं आहे. मी स्वतः खात्याच्या परीक्षेचा ईसीजीचा अभ्यास गाडीतल्या व्हिडिओंवरून केला. ठाणे ते दादर रोज एक धडा. शेजारच्या मुलीने अकाउंट्स याच गाडीत शिकून बीकॉमचे राहिलेले विषय सोडवले. लोकांनी पुस्तकं सोडली, मोबाइल धरला, असं कोणी नाक मुरडून म्हणालं की मला राग येतो. दिवसातले तीन-चार तास ज्यांचे गाडीत जातात त्यांना काय बघावं हे बाहेरच्यांनी शिकवू नये.

पण बघणं आणि वाजवणं यात फरक आहे.

पूर्वीही गाडीत आवाज असायचे. क्रिकेटची कसोटी चालू असली की कोणाकडे तरी ट्रान्झिस्टर असायचा आणि अख्खा डबा विचारायचा, "स्कोअर काय झाला?" तो आवाज एकाच्या हातातला असला तरी मागितलेला सगळ्यांनी असायचा. पुढे एफएम आलं, वायरचे इअरफोन आले, तेव्हा लोक आपापल्या कानात गाणी ऐकायचे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि बघता बघता हातोहाती व्हिडिओ आले. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, पण त्याची जागा पुढच्या काही आठवड्यांतच रील्सनी घेतली. रीलचा त्रास वेगळा आहे. गाणं तीन-चार मिनिटांचं असतं, त्याला सुरुवात-शेवट असतो, कान त्याच्याशी जुळवून घेतो. रील पंधरा-वीस सेकंदांत बदलतं किंवा तेच पुन्हा सुरू होतं. मागे एकदा माझ्या शेजारच्या ताईंचा अंगठा एका रीलवर थांबला होता, कारण त्या फोन हातात धरून डुलक्या घेत होत्या. एकाच माणसाचं तेच हसू, तेच वाक्य, पुन्हा तेच हसू. कळवा ते कोपर. त्या स्वतः झोपल्या होत्या आणि आजूबाजूच्या आठ जणी जाग्या होत्या.

आपल्या गाडीची गर्दी कशी असते हे तुम्हाला मी सांगायला नको. रेल्वेच्या भाषेत त्याला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं. इतक्या दाटीत तुमचा फोन तुमच्या कानापासून हातभर लांब असतो आणि दुसऱ्याच्या कानापासून चार बोटांवर. म्हणजे तुमच्या व्हिडिओचा आवाज तुमच्यापेक्षा त्यालाच जास्त ऐकू येतो. त्याला मान फिरवायला जागा नसते, हात कानापर्यंत न्यायलाही नसते.

लोक इअरफोन का वापरत नाहीत, हे मी गेले काही महिने मुद्दाम विचारत आले आहे. उत्तरं ऐकून माझी मतं थोडी बदलली. नव्या फोनला वायर लावायचं भोकच नसतं, ब्लूटूथचे घेतले तर चार्ज करायचे लक्षात राहत नाही, गर्दीत एका कानातला पडला की जोडी गेली. काही मावश्यांना कानात घातलं की दुखतं. एका मुलीने सांगितलं, "रात्री उशिरा डबा रिकामा असतो, कान बंद करून बसायची भीती वाटते." हे कारण मला पटलं. तिला मी म्हटलं, एकाच कानात घाल, दुसरा उघडा ठेव. साध्या फोनसाठी दीडशे रुपयांत वायरचे मिळतात, आपल्या गाडीत विकायला येणाऱ्या दादांकडेही असतात. नव्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसणारेही मिळतात. आणि इअरफोन घरी राहिलेच तर आवाज पूर्ण बंद करून खाली अक्षरं येतील असं करा. यूट्यूबवर बऱ्याच व्हिडिओंना ती सोय आहे, रीलवर तर निम्मं लिहिलेलंच असतं.

एक अनुभव मात्र लिहायलाच हवा. सकाळच्या गाडीत एक मावशी रोज कीर्तन लावायच्या, मोठ्याने. ऐकायला चांगलं होतं, पण झोप मोडायची. तीन आठवडे मी मनातल्या मनात चरफडले. एक दिवस त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "मावशी, रात्रपाळी करून आलेय, जरा आवाज कमी करता का?" त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "कसा करायचा तो? मुलाने दिलाय. बाजूचं बटण दाबलं की फोटो निघतो." पाहिलं तर आवाजाचं बटण आत रुतलेलं होतं, दाबताना भलतंच काहीतरी दाबलं जायचं. स्क्रीनवरून आवाज कमी-जास्त कसा करायचा ते मी त्यांना आंबिवली येईपर्यंत दाखवलं. त्यांनी स्वतः चार वेळा करून बघितलं. मग म्हणाल्या, "अगं, सगळ्या माझ्याकडे बघायच्या, मला वाटायचं कीर्तन आवडतंय." तीन आठवडे त्या बाईंना उद्धट समजून मी बसले होते.

तेव्हापासून मी ठरवलं की आधी विचारायचं. रागाने नाही आणि मोघमही नाही. "लोक झोपलेत, कळत नाही का?" असं म्हटलं की समोरचं माणूस "तुमची गाडी आहे का?" म्हणणारच. "ताई, आवाज जरा कमी करता का, डोकं दुखतंय" असं म्हटलं की दहातल्या आठ जणी लगेच करतात. ज्या करत नाहीत त्यांच्याशी मी भांडत नाही, पण पुढच्या दिवशी पुन्हा विचारते.

एक गोष्ट मात्र मला खटकते. आपण कोणाला टोकतो, ते बघा. साडी खोचलेली, हातात पिशव्या असलेली बाई असली की तीन जणी ओरडतात. फर्स्ट क्लासमध्ये शर्ट-पँटमधले साहेब शेअर बाजाराचा व्हिडिओ पूर्ण आवाजात लावून बसतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. एसी लोकलमध्ये दारं बंद, बाहेरचा आवाज कमी, त्यामुळे एकच फोन डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू येतो. तिथेही तेच. माझं हे पत्र जितकं मावशींना आहे त्याहून जास्त त्या साहेबांना आहे, कारण त्यांना बटण कुठे असतं हे पक्कं माहीत असतं.

भजनी मंडळांचंही कोणीतरी विचारेल. त्यांच्याबद्दल मला माया आहे. कामावर जाताना टाळ वाजवत 'राम कृष्ण हरी' म्हणणारी माणसं दुसऱ्या कुठल्या शहरात असतील? ते जुळून आलेलं मंडळ असतं, त्यात म्हणणारे आणि ऐकणारे दोन्ही असतात. तरी त्या डब्यात कोणी आजारी असेल आणि हात जोडून म्हणत असेल की आज जरा हळू, तर टाळ बाजूला ठेवायला हवेत. माझ्या माहितीतले लोक ठेवतातही.

नियमांचं म्हणाल तर ते आहेत. एप्रिल २०२३ मध्ये बेस्टने बसमध्ये इअरफोनशिवाय व्हिडिओ-गाणी लावायला आणि मोठमोठ्याने फोनवर बोलायला मनाई केली. रेल्वे बोर्डाने जानेवारी २०२२ मध्ये तसंच सांगितलं. पण त्यात डोळ्यांसमोर लांब पल्ल्याच्या गाड्या होत्या, रात्री दहानंतरची झोप होती, समजावून सांगायला टीटीई आणि इतर कर्मचारी होते. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४५ खाली उपद्रव देणाऱ्याला गाडीतून उतरवता येतं, दंड करता येतो. हे सगळं कागदावर ठीक. रोज सत्तर-पंचाहत्तर लाख माणसं नेणाऱ्या लोकलच्या एकेका डब्यात रेल्वे पोलिसांचा कोणता जवान उभा राहणार? त्यांच्याकडे महिलांची सुरक्षा, चोऱ्या, अपघात ही कामं आहेत आणि ती त्यांनी आधी करावीत असं मला वाटतं. रेल्वेकडे माझी विनंती छोटीच आहे. डब्यातल्या घोषणा सगळ्या गाड्यांत, सगळ्या वेळी चालू आणि बरोबर असू द्या. काही गाड्यांत त्या बंद असतात, कधी एक स्टेशन मागे-पुढे चालतात. डोळस माणूस खिडकीतून पाटी बघतो. माझी मैत्रीण काय बघणार?

बाकीचं आपल्यालाच करायचं आहे आणि आपल्याला ते जमतं. मुंबईत विजेवरची लोकल पहिल्यांदा धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ ला, तेव्हाच्या व्हीटीहून कुर्ल्यापर्यंत. तेव्हापासून शंभर वर्षांत आपल्या गाडीत जे जे नियम झाले त्यातले निम्म्याहून जास्त रेल्वेने केलेलेच नाहीत. तिघांच्या बाकावर चौथी सीट द्यायची, हे कुठल्या पत्रकात आहे? दोन बाकांच्या मधे जी उभी, बसायचा पहिला मान तिचा. उतरणाऱ्यांनी एक स्टेशन आधी दाराशी यायचं. उभ्या बाईची पिशवी बसलेलीने मांडीवर घ्यायची. सातवा-आठवा महिना असलेली दिसली की कोणी न सांगता जागा द्यायची. दसऱ्याला डबा सजवायचा, संक्रांतीला हळदीकुंकू करायचं. हे सगळं आपल्या आधीच्या बायकांनी, पुरुषांनी उभ्या-उभ्या ठरवलं आणि नव्याने गाडीत येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच शिकवलं. मला चौथ्या सीटचा नियम शिकवणाऱ्या काकू कधीच निवृत्त झाल्या, नियम चालूच आहे. फोनचा आवाज कानात, हा त्यातलाच एक होऊ शकतो. एका डब्यात चार जणींनी धरला तर महिन्याभरात डबा धरतो.

लिहिते आहे तर दाराचंही सांगून टाकते, कारण ते मी वॉर्डात बघते. दाराशी उभं राहून, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हातात फोन घेऊन व्हिडिओ बघणाऱ्या मुलांनो, हे तुमच्यासाठी. रुळांच्या कडेला, खांबाच्या आडोशाला काठी घेऊन उभे राहणारे लोक असतात. गाडी हळू झाली की फोनवाल्या हातावर फटका मारतात. फोन पडतो आणि तो झेलायला माणूस वाकतो. तो वाकण्याचा क्षण. असा एक मुलगा आमच्याकडे आला होता, विशीतला. शुद्धीवर आल्यावर पाय गुडघ्याखाली नाही हे त्याला अजून माहीत नव्हतं, त्याने आधी विचारलं, "सिस्टर, माझा फोन मिळाला का?" त्याची आई बाहेर बाकावर बसली होती. मी तिच्याशी काय बोलले ते आता मला आठवत नाही, तिच्या हातातली त्याची चप्पल आठवते. मुंबईच्या लोकल मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जातात. कोणी रूळ ओलांडताना, कोणी गाडीतून पडून. म्हणून इअरफोन लावा म्हणताना हेही सांगते की ते आत येऊन नीट उभं राहिल्यावर किंवा बसल्यावरच लावा. फलाटावर, जिन्यात, चढता-उतरताना कान उघडे हवेत. आणि रूळ तर ओलांडूच नका.

ज्या ताईंच्या मालिकेमुळे मी भांडुपच्या पुढे दचकून उठले होते, त्या मला अजून भेटतात. त्या दिवशी मी त्यांना काही बोलले नाही, नुसती माफी मागून बसले. हे पत्र त्यांच्या वाचनात आलं तर त्यांना कळेल की मी तेव्हा अशी का उठले होते. ताई, तुमच्यावर राग नाही. तुम्ही मालिका बघा. पुढे काय झालं ते मलाही सांगा, मी त्या वेळी झोपलेली नसले तर.

आणि एक काम आहे, तुमच्या सगळ्यांकडे. संध्याकाळी सहानंतरच्या धीम्या गाडीत, लेडीज डब्यात, दाराच्या आतल्या बाजूच्या दांड्याला धरून उभी असलेली एक बाई तुम्हाला दिसेल. पांढरी काठी घडी करून हातात, खांद्याला जाड पट्ट्याची पर्स, मान किंचित तिरकी, कारण ती ऐकत असते. दिवा गेलं की तिला सांगा, आता कोपर, त्याच्या पुढचं तुमचं. गाडी मधे सिग्नलला थांबली तर तेही सांगा, की हे स्टेशन नाही.

तुमची,
टिटवाळ्याची एक परिचारिका